पांढरी पूड, ऊन आणि रंगीत सांडपाणी: फोटोकॅटॅलिटिक रिॲक्टर नेमकं काय करतो?

काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत निळंशार पाणी. एकीत चिमूटभर पांढरी पूड टाकली जाते आणि दोन्ही बरण्या उन्हात ठेवल्या जातात. तास-दोन तासांनी पूड टाकलेल्या बरणीतलं पाणी जवळपास पारदर्शक झालेलं दिसतं. दुसरीतलं मात्र अजून निळंच असतं. खाली ओळ येते, ‘आता सांडपाणी उन्हात फुकट शुद्ध होणार!’

असे व्हिडिओ अधूनमधून सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. त्यातला प्रयोग खोटा नसतो. ही पूड ऊन पडल्यावर खरोखरच रंग तोडते आणि हे विज्ञानाला ५० वर्षांपासून माहीत आहे. मग साहजिकच प्रश्न पडतो, एवढं सोपं आहे तर इचलकरंजीसारख्या गावातल्या रंगीत सांडपाण्याचा प्रश्न अजून सुटला का नाही?

याचं उत्तर समजून घ्यायचं तर पुडीपेक्षा ती ज्या भांड्यात काम करते, त्या भांड्याकडे बघावं लागतं. त्या भांड्याचं नाव आहे फोटोकॅटॅलिटिक रिॲक्टर.

मुळात अडचण काय आहे?

घरातलं सांडपाणी असो की कारखान्याचं, ते स्वच्छ करण्याचं बहुतेक काम जिवाणू करतात. प्रक्रिया केंद्रातल्या मोठ्या टाक्यांमध्ये हवा सोडली जाते, जिवाणू वाढतात आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतात. अन्नाचे कण, मैला, स्टार्च असल्या गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम आणि स्वस्त आहे.

अडचण येते ती जिवाणूंना न पचणाऱ्या पदार्थांची. कापड रंगवायचे अनेक डाय, कीटकनाशकं, तणनाशकं, औषधांचे अंश, काही क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट या सगळ्यांचे रेणू मजबूत बांधणीचे असतात. धुतल्यावर, उन्हात वाळवल्यावर रंग उडू नये म्हणूनच तर डाय बनवलेले असतात. कपड्यावरचा जो टिकाऊपणा ग्राहकाला हवा असतो, तोच सांडपाण्यात डोकेदुखी ठरतो.

सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह डाय पूर्णपणे धाग्यावर बसत नाहीत. उरलेला भाग धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. हा रंग काढायला चुना-तुरटीसारखी रसायनं टाकली तर रंगीत गाळ तयार होतो. ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरला तर रंग कोळशात जाऊन बसतो. दोन्ही वेळा प्रदूषक पाण्यातून निघून दुसऱ्या जागी गेलेला असतो, संपलेला नसतो. त्या गाळाचं आणि कोळशाचं काय करायचं, हा नवा प्रश्न उभा राहतो.

फोटोकॅटॅलिसिसचं आकर्षण इथेच आहे. ही पद्धत प्रदूषकाची जागा बदलत नाही, तर त्याचा रेणूच तोडते. प्रक्रिया शेवटपर्यंत गेली तर सेंद्रिय पदार्थाचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांमध्ये होतं.

ती पांढरी पूड म्हणजे काय?

पूड आहे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, सनस्क्रीनमध्ये, अनेक टूथपेस्टमध्ये हाच पदार्थ असतो. तो ज्या खनिजांपासून बनतो त्यातलं एक म्हणजे इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जी काळी रेती दिसते, तिच्यात हे इल्मेनाइट असतं.

भिंतीला किंवा गेटला लावलेला जुना पांढरा रंग उन्हापावसात काही वर्षांनी हाताला पांढरी भुकटी लावू लागतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. त्यामागे हेच टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ऊन पडलं की ते रंगातला चिकट सेंद्रिय भाग हळूहळू तोडतं आणि भुकटी मोकळी होते. असं होऊ नये म्हणून रंगाचे कारखाने त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर देतात. रंगवाल्यांना नको असलेला हा दोष पाणी शुद्ध करणाऱ्यांना मात्र हवा असतो.

आत काय घडतं? टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. त्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात. होल कणाच्या पृष्ठभागावरच्या पाण्यावर काम करतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. म्हणूनच रिॲक्टरमध्ये हवाही खेळती ठेवावी लागते.

हायड्रॉक्सिल रॅडिकल हा खरा कामगार. ऑक्सिडेशनच्या ताकदीत तो क्लोरीन आणि ओझोन दोघांच्याही पुढे आहे. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. मात्र त्याचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतं. त्यामुळे तो जिथे जन्मतो तिथेच, म्हणजे कणाच्या अगदी लगत, काम करू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण रिॲक्टरच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

शोध कसा लागला?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे विद्यार्थी केनिची होंडा यांच्या हाताखाली संशोधन करत होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला तेव्हा बुडबुडे आले. स्फटिक मात्र झिजत नव्हता. प्रकाशाच्या जोरावर पाण्याचं विघटन होत होतं. १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि जगभरचं लक्ष तिकडे गेलं.

तेव्हा सगळ्यांना हवं होतं ते हायड्रोजन इंधन. पण काही वर्षांतच दुसरा उपयोग पुढे आला. १९७६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याच पदार्थाच्या मदतीने पाण्यातल्या पीसीबी या चिवट क्लोरीनयुक्त प्रदूषकांवर प्रयोग केले. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइड नष्ट करून दाखवलं. तिथून पाणी शुद्ध करण्याच्या संशोधनाला वेग आला आणि या विषयावरच्या निबंधांची संख्या हजारोंच्या घरात गेली.

मग अडतं कुठे?

प्रयोगशाळेतल्या बरणीत आणि कारखान्यातल्या रिॲक्टरमध्ये मोठा फरक आहे. रिॲक्टरमध्ये तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात: प्रकाश, पूड आणि प्रदूषक. यातली एक जरी पोचली नाही तरी काम होत नाही.

पहिली अडचण प्रकाशाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या प्रकाराला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीची किरणं, अर्थात अतिनील. आपल्याला दिसणारा प्रकाश त्याच्या कामाचा नाही. उन्हात अशी किरणं असतात जेमतेम ४ ते ५ टक्के. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट ऊन पडत असेल, तर त्यातले ३० ते ५० वॅटच पुडीच्या वाट्याला येतात. त्यातही अनेक इलेक्ट्रॉन काम करण्याआधीच होलमध्ये परत जाऊन बसतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.

दुसरी अडचण पुडीची. ती पाण्यात ढवळली की पाणी दुधासारखं पांढरं होतं. वापरातल्या ‘पी-२५’ या प्रसिद्ध पुडीचे मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात. एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग भरतो सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५४० चौरस फुटांचा फ्लॅट! एवढी जागा मिळते म्हणून रासायनिक क्रिया जोरात होते. पण पूड जास्त झाली की पुढचे कण मागच्यांवर सावली धरतात. दाट पाण्यात उपयोगी प्रकाश काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटरच आत जातो. खोल टाकीत पूड टाकून वर ऊन घेतलं तर तळाचं पाणी अंधारातच राहतं. पाणी स्वतः गडद रंगाचं असेल तर ते स्वतःच प्रकाश खातं.

तिसरी अडचण काम झाल्यावरची. एवढी बारीक पूड पाण्यातून परत काढायची कशी? फडक्याने किंवा वाळूच्या फिल्टरने ती नीट अडत नाही. कॅनडाच्या प्युरिफिक्स कंपनीने तिच्या यंत्रणेत यासाठी सिरॅमिकच्या जाळीदार पडद्याचा वापर केला. पाणी पलीकडे जातं आणि पूड परत फिरून कामाला लागते. हा उपाय चालतो, पण पडदा, पंप आणि दाब यांचा खर्च वाढतो.

पूड चिकटवून टाकली तर?

हा विचार लगेच सुचतो. काचेवर, सिरॅमिकवर किंवा जाळीवर पुडीचा थर बसवायचा आणि त्यावरून पाणी वाहू द्यायचं. गाळण्याचा प्रश्नच मिटला.

पण मग प्रदूषकाला थरापर्यंत चालत जावं लागतं. रॅडिकलचं आयुष्य अगदी क्षणाचं असल्यामुळे थरापासून थोडं लांब वाहणारं पाणी जसंच्या तसं निघून जातं. शिवाय पुडीचा जो प्रचंड पृष्ठभाग होता, त्यातला बराचसा थराखाली गाडला जातो. सांडपाण्यातला चिकटा बसून थर झाकला जातो, कधी सुटूनही येतो.

थोडक्यात, पूड पाण्यात सोडली तर काम चांगलं होतं पण ती परत मिळवणं अवघड. पूड चिकटवली तर ती हाताशी राहते पण काम मंदावतं. रिॲक्टरच्या सगळ्या रचना, मग त्या नळीच्या असोत, उतरत्या पाटीच्या असोत किंवा फिरत्या चकतीच्या, या दोन टोकांमधली तडजोड आहेत.

उन्हावर चालणारे रिॲक्टर

उन्हावरच्या रिॲक्टरचं मोठं काम झालं ते स्पेनमधल्या अल्मेरिया भागातल्या ‘प्लाताफोर्मा सोलार दे अल्मेरिया’ या संशोधन केंद्रात. तिथे सीपीसी नावाची रचना चांगली बसली. काचेच्या नळ्यांतून पाणी आणि पूड फिरते. नळीच्या मागे ॲल्युमिनियमचा दोन वाक असलेला आरसा असतो. तो असा वळवलेला असतो की कोणत्याही बाजूने आलेलं ऊन नळीवरच जाऊन पडतं. सूर्याच्या मागे फिरणारी महागडी यंत्रणा लागत नाही आणि ढगातून गाळून येणारा प्रकाशही उपयोगी पडतो. नळ्यांसाठी अतिनील किरणं आत सोडणारी बोरोसिलिकेट काच घेतात. नळी काही सेंटिमीटरच रुंद ठेवतात आणि पूड लिटरला ०.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आतपर्यंत प्रकाश पोचतो.

अशा रचनेचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प माद्रिदजवळ आर्गांदा देल रे इथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. त्याच्या आरशांचं क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा होतं.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. अल्मेरिया परिसरात हजारो हेक्टरवर प्लास्टिकची हरितगृहं आहेत. तिथे कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या प्रचंड निघतात. त्या धुऊन त्यांचं प्लास्टिक पुन्हा वापरता येतं, पण धुण्याचं पाणी विषारी होतं. त्या पाण्यासाठी १५० चौरस मीटरचा सौर प्रकल्प उभारला गेला तेव्हा आरसे सीपीसीचेच होते, मात्र टायटॅनियम डायऑक्साइडऐवजी फोटो-फेंटन ही पद्धत निवडली गेली. तिच्यात लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ती दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरते, म्हणून वेग जास्त मिळतो. ऊन तेच, आरसे तेच, पण कामाचा वेग बघून पूड मागे पडली.

दिवे लावले तर वीजबिल किती?

ऊन रात्री नसतं आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नसतो. म्हणून अनेक रिॲक्टर अतिनील दिव्यांवर चालतात. अशा पद्धतींची तुलना करायला एक सोपं माप वापरलं जातं: एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर पाण्यातला एखादा प्रदूषक ९० टक्क्यांनी कमी करायला किती युनिट वीज लागते?

२०१८ मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांतले असे आकडे एकत्र केले गेले. ओझोन, किंवा अतिनील दिवा अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड या पद्धतींचा मधला आकडा १ युनिटच्या आत होता. दिव्यांवरच्या फोटोकॅटॅलिसिसचा मधला आकडा होता ३३५ युनिट. साध्या मध्यमवर्गीय घराला एवढी वीज दोन-तीन महिने पुरू शकते. इथे ती गच्चीवरच्या एका हजार लिटरच्या टाकीएवढ्या पाण्यात खर्च होते.

यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेतल्या लहान भांड्यांत झालेले आहेत, त्यामुळे चांगल्या रचनेचा रिॲक्टर यापेक्षा बरीच कमी वीज घेऊ शकतो. तरी अंतर इतकं मोठं आहे की ते नजरेआड करता येत नाही. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी एक लेख लिहून विचारलं होतं की पाण्यासाठी फोटोकॅटॅलिसिसचा हा सूर्योदय आहे की सूर्यास्त?

रंग गेला, पण प्रदूषण गेलं का?

बरणीच्या व्हिडिओत बहुधा मिथिलीन ब्लू हा निळा डाय असतो. तो स्वस्त असतो, डोळ्यांना बदल लगेच दिसतो, म्हणून प्रयोगशाळांचाही तो आवडता आहे. पृष्ठभागाची फोटोकॅटॅलिटिक क्षमता मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकातही तो वापरला जातो.

पण हाच डाय फसवूही शकतो. विशिष्ट परिस्थितीत त्याचं रंगहीन रूप तयार होतं आणि हवा लागली की निळा रंग परत येतो. शिवाय डायचा रंग रेणूच्या एका छोट्या भागावर अवलंबून असतो. तेवढा भाग तुटला की रंग जातो, उरलेले तुकडे मात्र पाण्यातच राहतात. ॲझो गटातल्या डायपासून अर्धवट तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यातले काही विषारी असतात.

म्हणून जाणकार रंगावर विश्वास ठेवत नाहीत. ते टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात. रंग तासाभरात जाऊ शकतो, टीओसी खाली यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

काही वेळा प्रक्रिया मध्येच थांबतेही. ऊस आणि मक्याच्या शेतात वापरलं जाणारं ॲट्राझीन हे तणनाशक टायटॅनियम डायऑक्साइड तोडतं, पण सायन्युरिक आम्लापर्यंत पोचल्यावर गाडी अडते. त्या आम्लाचं कडं ही पूड तोडू शकत नाही. सुदैवाने ते मूळ तणनाशकापेक्षा खूपच कमी विषारी आहे.

महाराष्ट्रात याचा उपयोग कुठे?

डाइंग युनिटचं पाणी बरणीतल्या पाण्यासारखं नसतं. रिॲक्टिव्ह डाय कापडावर बसवण्यासाठी भरपूर मीठ आणि सोडा ॲश टाकतात. मिठातलं क्लोराइड आणि सोड्यातलं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलना मध्येच गिळून टाकतात. पाणी अल्कधर्मी असलं की पुडीच्या कणांवर ऋण भार येतो. रिॲक्टिव्ह डायवरही ऋण भारच असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. आणि पाण्यातलं मीठ ही पूड काढतच नाही. पंचगंगेसारख्या नदीत जाणाऱ्या सगळ्या सांडपाण्यावर हा एकटा उपाय सांगणं म्हणूनच दिशाभूल ठरेल.

त्याची योग्य जागा लहान आहे, पण महत्त्वाची आहे. पाणी थोडं, प्रदूषक चिवट आणि विषारी, आणि जिवाणू हतबल, अशा ठिकाणी तो शोभतो. औषध कारखान्यातला एखादा वेगळा काढलेला प्रवाह, कीटकनाशकांची भांडी धुतलेलं पाणी, किंवा जिवाणूंची प्रक्रिया झाल्यावर शेवटी उरलेले अंश. कधी रेणू पूर्ण न तोडता जिवाणूंना पचेल एवढाच तोडायचा आणि पुढचं काम त्यांच्यावर सोपवायचं, ही जोडी सर्वांत परवडणारी ठरते.

मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या लोकांच्या यूडीसीटीमध्ये, पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी अशाच जोड्यांचा अभ्यास केला आहे. २००४ मध्ये त्यांनी सांडपाण्यावरच्या ऑक्सिडेशन पद्धतींचा आणि त्यांच्या एकत्रित वापराचा दोन भागांत आढावा घेतला. त्याच सुमारास ध्वनिलहरी आणि फोटोकॅटॅलिसिस एकत्र वापरणाऱ्या रिॲक्टरवरही त्यांनी लिहिलं. ध्वनिलहरींमुळे पुडीवरचा चिकटा निघतो आणि प्रदूषक कणापर्यंत लवकर पोचतात, हा त्यामागचा विचार आहे.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर

पाणी उन्हात शुद्ध करण्याचा दावा पाहिला की हे पाच प्रश्न विचारावेत:

१. पाणी खऱ्या कारखान्याचं होतं की नळाच्या पाण्यात कालवलेला डाय होता?
२. फक्त रंग मोजला की टीओसीसुद्धा?
३. किती लिटरला किती वेळ लागला आणि किती जागा किंवा वीज लागली?
४. पूड पाण्यातून परत कशी काढली आणि ती किती वेळा वापरता आली?
५. पूड न टाकता नुसत्या उन्हात, आणि पूड टाकून अंधारात ठेवलेल्या पाण्याचं काय झालं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगाचा आहे. काही डाय नुसत्या उन्हानेही फिके पडतात, काही अंधारात पुडीला नुसते चिकटून बसतात. दोन्ही वेळा बरणी स्वच्छ दिसते, पण दुसऱ्या वेळी डाय तुटलेलाच नसतो. तो पुडीवर जसाच्या तसा बसलेला असतो आणि पूड फेकली की तिच्यासोबत पुन्हा बाहेर जातो.